‘भूतनाथ’ : आठ वर्षांच्या नातवासोबत पाहिलेला

नातू यंदा तिसरीत गेला. मे महिन्यात तो पुण्याहून कुडाळजवळच्या आमच्या घरी येतो. दिवसभर आंबे, फणसाचे गरे, विहिरीवरची आंघोळ आणि मांजरीची पिल्लं यांत तो हरवलेला असतो, पण दिवेलागण झाली की मागच्या पडवीत एकटा जात नाही. तिथला दिवा मंद आहे आणि वाशांवरून उंदीर धावतात. त्यात माझ्या धाकट्या जावेनं त्याला चकव्याच्या आणि मुंज्याच्या गोष्टी सांगून ठेवलेल्या. त्यावर उतारा म्हणून मी एका रात्री जेवणं लवकर उरकून ‘भूतनाथ’ लावला.

हा हिंदी सिनेमा 9 मे 2008 ला आला, ऐन सुट्टीत. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि भाचरांना घेऊन कोल्हापूरला थेटरात जाऊन पाहिला होता. पोरं हसली, मीही हसले, बाहेर येऊन भेळ खाल्ली आणि विषय संपला. तेव्हा आमच्या घरात नऊ माणसं जेवायला बसत होती. आता आम्ही दोघंच असतो. म्हणून असेल, पण या वेळी तोच सिनेमा मला अगदी वेगळा दिसला.

गोष्ट गोव्यातल्या ‘नाथ व्हिला’ नावाच्या मोठ्या, जुन्या घराची आहे. वडिलांची (शाहरुख खान) जहाजावर नोकरी, त्यामुळे आई (जूही चावला) आणि मुलगा बंकू तिथे राहायला येतात. घरात भूत आहे अशी बोलवा असते. आई बंकूला सांगून ठेवते की भूतबित काही नसतं, देवदूत मात्र असतात. झालं! जिन्यावर पांढराफटक चेहरा, पिंजारलेले लांब केस आणि लांबलचक कोट घातलेला म्हातारा समोर उभा राहतो, तर बंकू त्याला देवदूतच समजतो. म्हातारा ओरडतो, धमकावतो, आणि पोरगं आपलं त्यालाच प्रश्न विचारत बसतं.

इथे नातवाचं काय झालं ते सांगते. सुरुवातीला त्यानं उशी तोंडावर धरली होती आणि एका डोळ्यानं बघत होता. बंकू भुताशी भांडायला लागला तशी उशी हनुवटीवर आली. मग मांडीवर आली. शाळेचे मुख्याध्यापक (सतीश शाह) पोरांचे डबे चोरून खातात ते प्रसंग सुरू झाले तोवर उशी खाली जमिनीवर होती आणि मांजर तिच्यावर झोपलं होतं. सतीश शाहांनी हे काम मनापासून केलंय. शाळेत आयुष्य काढलेल्या मला डब्याचं झाकण उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारी ती अधाशी माया बघून फार मजा आली.

अमिताभ बच्चन तेव्हा 65 वर्षांचे होते आणि बंकू झालेल्या अमन सिद्दीकीचा हा पहिलाच सिनेमा. पण दोघांची जोडी बरोबरीची आहे. अमिताभ त्या पोराला सांभाळून घेत नाहीत, त्याच्याशी खरोखर वाद घालतात, हरतात, रुसतात. लहान मुलांबरोबर काम करताना मोठी माणसं बऱ्याचदा आवाज गोड करतात, तसं त्यांनी कुठेच केलेलं नाही. विशाल-शेखरच्या संगीतातलं ‘मेरे बड्डी’ हे गाणं त्यांनी स्वतः अरमान मलिकबरोबर गायलंय. आमच्याकडे पुढचे चार दिवस विहिरीवर तेच चालू होतं.

सिनेमा गोव्यात घडतो, पण गोव्याची माती त्याला फारशी लागलेली नाही, ही माझी पहिली तक्रार. आमच्याकडे सिंधुदुर्गात काय किंवा गोव्यात काय, घराला, वाडीला, वेशीला कोणीतरी राखणारा असतो, ही धारणा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कोणी त्याला राखणदार म्हणतं, कोणी देवचार. त्याला वर्षाचं राखणं देतात, रोट ठेवतात. रात्री-अपरात्री वाट चुकलेल्या माणसाला तो काठी आपटत घरापर्यंत पोचवतो, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. मी नवी नवरी असताना मागच्या दारी आवाज आला म्हणून दचकले, तर म्हणाल्या, “घाबरतंस कित्याक? आपलोच माणूस तो.” प्रेमळ भूत ही कल्पना आमच्यासाठी परक्या मुलखातून आलेली नाही, ती परसातच आहे. कथा लिहिणाऱ्यांनी गोवा निवडला आणि ही एवढी मोठी गोष्ट तिथेच टाकून दिली याची मला खरंच हळहळ वाटते. त्याऐवजी गोव्याचा म्हणून कोण मिळतो, तर दारुडा अँथनी. राजपाल यादव हसवतो, ते मान्यच. पण गोव्याचा ख्रिश्चन दिसला की त्याच्या हातात बाटली, ही हिंदी सिनेमाची फार जुनी सवय आहे. आमचे शेजारी, आमच्या मुलांचे शिक्षक, बाजारात पाव देणारे पदेर असे नसतात.

आता सिनेमाच्या खऱ्या गाभ्याकडे येते. उत्तरार्धात कळतं की हे भूत म्हणजे या घराचे मालक कैलाशनाथ. मुलगा शिकायला अमेरिकेला जातो आणि तिकडचाच होतो. इकडे बायको जाते. एवढ्या मोठ्या घरात म्हातारा एकटा उरतो. मग मुलगा बायकोला आणि लेकराला घेऊन येतो. घर भरतं, आजोबा नातवाच्या मागे धावतात. आणि त्यांना कळतं की ही मंडळी पुन्हा निघाली. त्यांना थांबवायला धडपडताना जिन्यावरून पडून त्यांचा जीव जातो.

हा भाग रेंगाळतो, संगीत जरुरीपेक्षा जास्त रडतं, आणि मघापर्यंत खिदळणारी लहान मुलं इथे चुळबुळ करतात. नातू दोनदा “आता बंकू कधी येणार?” म्हणाला. समीक्षा म्हणून हे लिहिलंच पाहिजे. पण मला त्या जिन्यापाशी हलता आलं नाही. आमच्या वाडीत चौदा घरं आहेत, त्यांतली सहा बंद. गणपतीत कुलपं निघतात, केर काढला जातो, माजघरात ट्यूब लागते, आरत्या होतात, आणि विसर्जन झालं की दोन-चार दिवसांत परत कुलपं. शेवटची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ओट्यावर उभा राहिलेला माणूस मी दरवर्षी बघते. आमचे मामंजी असेच उभे राहायचे. गाडी गेली तरी खांबाला धरून तसेच. मग आत येऊन पोरांनी इकडेतिकडे टाकलेल्या चपला एका रांगेत लावून ठेवायचे, जणू ती उद्या घालणार आहेत.

ज्या घरासाठी हाडं झिजवली तिथून पाय निघत नाही, म्हणून कैलाशनाथ तिथेच आहेत. परक्याला घाबरवून हाकलतात तेही त्याचसाठी. लेकाची वाट बघणाऱ्याला घर रिकामं तरी हवं, नाहीतर तो आला की राहणार कुठे? सिनेमात हे कोणी बोलून दाखवत नाही. अमिताभ मोकळ्या दालनात ज्या रीतीनं चालतात त्यात ते आहे. पाऊल हळू, नजर दाराकडे.

पुढे त्यांना मुक्ती मिळावी म्हणून श्राद्ध घालायचं ठरतं, आणि बंकूच्या लक्षात येतं की ते झालं की आपला मित्र जाणार. लहान मुलांच्या विनोदी सिनेमात श्राद्धाचा विधी आणायचं धाडस दिग्दर्शक विवेक शर्मांनी केलं, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. नातवाला म्हाळ माहीत आहे. कावळ्यासाठी वाडी ठेवताना तो पानावर स्वतः वडा वाढतो. पण तो म्हाळ कोणासाठी, हे त्यानं आजवर विचारलं नव्हतं. त्या प्रसंगाला त्यानं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला.

“आजी, मुक्ती म्हणजे तो परत येणारच नाही?”

“नाही येणार. पण त्याला मग त्रास नसतो.”

“पणजोबांना मुक्ती मिळाली?”

“मिळाली रे.”

तो तांब्यातलं पाणी प्यायला, थोडा वेळ मांजरीला कुरवाळत बसला आणि म्हणाला, “लाव.” मुलगा बापाची माफी मागतो तेव्हा मी डोळे पुसले, त्यानं ते पाहिलं आणि काही बोलला नाही.

कोणी बघावा? सहा वर्षांवरच्या मुलांनी बघायला हरकत नाही, पण पहिली काही मिनिटं कोणी मोठं माणूस शेजारी असू द्या आणि नंतरच्या अर्ध्या तासासाठी मांडी मोकळी ठेवा. रक्तपात नाही, अचकटविचकट विनोद नाहीत. शाहरुखला बघायचं म्हणून बसाल तर तो थोडाच वेळ आहे. जूही चावलाची आई मात्र भरपूर आहे आणि छान आहे. थकलेली, एकटीनं घर सावरणारी, पोरावर चिडली तरी पाच मिनिटांत विरघळणारी.

2014 साली दुसरा भाग आला, ‘भूतनाथ रिटर्न्स’, दिग्दर्शक नितेश तिवारी. एका लहान मुलालाही घाबरवता आलं नाही म्हणून भूतलोकात भूतनाथाची टिंगल होते आणि त्याला परत पाठवतात. या वेळी मुंबईत, धारावीत. तिथे त्याला अखरोट नावाचा पोरगा भेटतो, ते काम आपल्या पार्थ भालेरावनं केलंय, आणि भूत थेट निवडणुकीला उभं राहतं. त्यातला पार्थ बंकूपेक्षाही जास्त खरा वाटतो. बोलण्याला वस्तीतली धार आहे. पण ते घर नाही, तो जिना नाही.

आम्ही तो दुसऱ्या दिवशी लावला आणि अर्ध्यावर वीज गेली. पावसाची पहिली सर आली होती. नातू बॅटरी घेऊन उठला आणि एकटाच मागच्या पडवीत गेला. काय करतोस म्हणून मी हाक मारली, तर म्हणाला, “काही नाही, बघतोय कोण आहे का.” बराच वेळ बॅटरीचा उजेड वाशांवरून फिरत होता. उरलेला सिनेमा आता गणपतीला तो आला की बघायचा आहे.