चौऱ्याहत्तर हजारांची ‘पोर्तुगीज’ कोठी

रेवदंड्याच्या समुद्रातून निघाली असे सांगून मला विकलेली तोफेची कोठी, म्हणजे दारू ठासायचा तिचा सुटा भाग, बनावट निघाली आणि माझे ७४,००० रुपये बुडाले: विसार ४५,०००, उरलेले २२,५०० आणि ‘तज्ज्ञाच्या दाखल्या’चे ६,५००. तज्ज्ञ विकणाऱ्यानेच आणलेला असेल, तर त्याच्या दाखल्याला एक पैसाही देऊ नये.

मी या विषयात अगदीच अडाणी नव्हतो. मागून भरायच्या जुन्या तोफेत दारू मूठ असलेल्या, पेल्यासारख्या वेगळ्या कोठीत ठासत आणि ती कोठी नळीमागे बसवून पाचर ठोकत. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रजी युद्धनौकेवरही अशा घडीव लोखंडी तोफा होत्या, हे मी वर्गात शिकवलेले आहे. कोठीचे तोंड नळीत घट्ट बसावे लागते, हेही ठाऊक होते. या कोठीचे तोंड मात्र पाण्याच्या पाइपासारखे सरळ कापलेले होते. मी तसे विचारलेही. “सर, हाच सर्वांत जुना घाट, १५०० च्या आधीचा,” असे विकणारा म्हणाला आणि त्या ‘सर’नेच मी विरघळलो. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये आणि पोर्तुगिजांनी रेवदंड्याला लागूनच्या चौलला किल्ला बांधायला घेतला १५२१ मध्ये. मग हा जुना घाट इथे बुडाला केव्हा? जुनी तोफ कोणी नंतर आणली असेल, अशी समजूत त्याने नव्हे, मीच माझी घातली. एकच घाट पिढ्यान्‌पिढ्या घडवला जात असे, त्यामुळे नुसत्या आकारावरून कोणी साल सांगू लागला की तिथून उठावे.

समुद्रातले लोखंड उघड्यावर सुकले की त्याचे पापुद्रे सुटतात. ही कोठी चार महिने पडवीत होती, तरी एक कपचीही पडली नाही. शेवटी नखाने खरवडले, तेव्हा चिकटवलेला शिंपला अख्खा निघाला आणि त्याखाली वेल्डिंगची सरळ रेघ दिसली.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या मारल्या. वस्तू खरी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे विक्रेत्याचा परवाना न पाहता तुम्ही ती घेतलीत कशी, असे मलाच दरडावण्यात आले. तो परवाना मी पाहिला नव्हता, हे खरे आहे. पुरातत्त्वाच्या कार्यालयात गेलो, तर वस्तू खोटी असल्याने ती पुरावशेष नाही, सबब प्रकरण आमचे नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे एका टेबलावर मी गुन्हेगार आणि दुसऱ्यावर रिकामटेकडा! माझा अर्ज मात्र दोन्हीकडे ठेवून घेतला, पोच कोणीच दिली नाही. विक्रेत्याचा फोन अजून लागतो. माझा नंबर पाहून तो उचलत नाही, एवढेच.