लाल लाइटचा फायबर पेन, सात महिने वापरल्यावर

पुण्याच्या तापकीर गल्लीतून घेतला होता, 10 मिलीवॉटवाला, साडेआठशेला. बॉक्सवर 10 किलोमीटर लिहिलंय, ते सोडून द्या. माझं काम सोसायट्यांमधे ड्रॉप वायर, म्हणजे बॉक्सपासून घरापर्यंतची नेटची फायबर, टाकायचं, फार फार तर दोन-तीनशे मीटर, तेवढ्याला दणकून चालतो.

काम काय करतो तर फायबरच्या एका टोकातून लाल लेझर सोडायचा, जिथे वायर तुटलीय किंवा मुरगळलीय तिथून लाल उजेड बाहेर फुटतो, बस. पिवळ्या पॅच कॉर्डमधे (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी वायर) तर भर दिवसा दिसतं, वरनं ब्लिंक मोड लावला की अजूनच. काळ्या ड्रॉप वायरवर मात्र काही दिसत नाही, आतल्या आत फुटत असेल तरी जाड काळं आवरण गिळून टाकतं, तिथे याच्यावर विसंबू नका.

नवीन पोरं विचारतात की मोबाइलचा टॉर्च लावला तर चालत नाही का? लावून बघा, पलीकडे घंटा काही येत नाही. आपल्या फायबरची मधली काच, जिच्यातून उजेड जातो ती, जेमतेम 9 मायक्रॉन, आणि तीपण समोरून साधारण 8 अंशाच्या आत येणारा उजेडच धरून ठेवते, त्याहून तिरका आला की तो बाहेरच्या काचेत जाऊन मरतो. मधली काच बाहेरच्यापेक्षा नावाला दाट असते, म्हणून कडेला अगदी चाटून गेलेला उजेडच परत आत वळतो, जोरात मुरडली वायर की तोच उजेड कडेवर जास्त उभा आपटतो आणि सुटतो. पेनमधे म्हणूनच पुढे लेन्स असते, आणि म्हणूनच टोकावर जरा धूळ बसली की अर्धा उजेड गेलाच समजा. मी एकदा पेन खराब झाला म्हणून दुकानात भांडायला निघालो होतो, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला आणि चालू, गप घरी आलो.

आता खरी तक्रार, म्हणजे पेनची नाही, माझ्याच अकलेची. गेल्या महिन्यात एका काकूंकडे मॉडेमवर लॉसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा, "दादा, मुलाची मीटिंग आहे हो" सारखं चालू. पेन लावला, बॉक्सपासून मॉडेमपर्यंत कुठे लाल ठिपका नाही, टोकाला झकास लाल उजेड. मी म्हणलं लाइन ओके, मॉडेम गेला. मॉडेम बदलला, तरी तेच! मग पॉवर मीटर (उजेड किती पोचतो ते मोजणारा) लावला तर 1490 नॅनोमीटरवर माइनस 29 डीबीएम (माइनस जितकं जास्त तितका उजेड कमी), आमच्या मॉडेमला माइनस 27 च्या खाली जमत नाही. शेवटी सोफ्यामागे सापडलं, सुताराने जास्तीची वायर गोल गुंडाळून टाय मारून ठेवलेली, वेटोळं बांगडीपेक्षा लहान. सोडलं, माइनस 19.

झालं काय होतं, पेनच्या लाल उजेडाची लहर 650 नॅनोमीटरची, नेट येतं 1490 वर. लहर जितकी लांब तितका तो उजेड मधल्या काचेच्या जरा बाहेर पसरून चालतो, मग वळणावर आधी तोच निसटतो, लाल मात्र आत दाबून बसलेला, आरामात निघून जातो. म्हणजे पेनने दाखवलं तर नक्की फॉल्ट, पण नाही दाखवलं म्हणजे लाइन चांगली असं अजिबात नाही. मीटर सोबत पाहिजेच.

अजून एक, टोकात डोळा घालून बघायची सवय असेल तर सोडा, हातावर किंवा भिंतीवर पाडून बघा. आणि नेटचा उजेड तर दिसतच नाही, त्यामुळे चालू लाइनमधे तर मुळीच डोकावू नका.

सेल दोन पेन्सिलचे, मला दोन महिने जातात. 2.5 मिलीमीटरचं टोक असल्याने हिरवा-निळा दोन्ही कनेक्टर बसतात, लहान कनेक्टरला अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, तो बॉक्समधे नाही. टोपीला दोरी दिलेली नाही, पहिल्याच महिन्यात हरवली, आता हातमोज्याचं कापलेलं बोट रबरबँडने लावून फिरतोय.