डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप, सोबतची बाटली आणि आजीचं बोंडलं : नवजात बाळासाठी वापरून बघितलेलं सगळं

बाळ 36 आठवड्यांतच झालं, वर कावीळ, त्यामुळे अंगावर घेतलं की दोन घोट ओढायचं आणि गाढ झोपायचं, तळपायाला टिचक्या मारा, कान चोळा, काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले दर दोन-अडीच तासांनी दूध काढून पाजा, वजन वाढलं की ते आपोआप ओढायला लागेल. तेव्हा घाईघाईत हा पंप मागवला. ब्रँडचं नाव देत नाहीये कारण दोन-अडीच हजारांच्या रेंजमधले जे पंप मैत्रिणींकडे बघितले ते जवळपास सारखेच वाटले, आणि मला जे सांगायचंय ते या सगळ्यांना लागू आहे : मशीनच्या सक्शन लेव्हल मोजत बसू नका, फनेलचं, म्हणजे स्तनावर लावायच्या नरसाळ्याचं, माप आणि बाटलीचं निपल बघा.

आधी मशीनबद्दल. दोन मोड आहेत, पहिला भराभर छोटे झटके देतो, त्याने पान्हा फुटतो, मग दुसरा सावकाश लांब ओढतो. डबल असल्यामुळे दोन्ही बाजूंचं पंधरा-वीस मिनिटांत होतं, सिंगलला दुप्पट वेळ जातो आणि रात्री तीन वाजता तो वेळ म्हणजे झोप असते, त्यामुळे थोडे पैसे जास्त गेले तरी डबलच घ्या. चार्जिंगचा आहे, लाइट गेली तरी चालतो, उन्हाळ्यात आमच्या नागपुरात हे फार कामाचं. आवाज आहे, कमी नाही, आजी पलीकडच्या खोलीतून विचारायची "काय घुर्र घुर्र करून राहिलं गं ते?"

आता फनेल. डब्यात येतं ते 24 मिमीचं, आणि मला लागत होतं 19 चं. मोठ्या फनेलमध्ये आजूबाजूचा काळा भागही आत ओढला जातो, दुखतं, सुजतं, आणि दूध कमी येतं ते वेगळंच, मग घरातले म्हणायला मोकळे की हिला दूधच नाही!! स्तनाग्राची रुंदी बुडाशी पट्टीने मिमीमध्ये मोजायची, साधारण तेवढं किंवा दोन-तीन मिमी जास्त एवढंच माप लागतं. त्या फनेलमध्ये बसणारे सिलिकॉनचे छोटे इन्सर्ट मिळतात, ते घातल्यावर त्याच मशीनमध्ये, सक्शन कमी ठेवूनसुद्धा, दूध नीट यायला लागलं. कंपनीने एक छोटा इन्सर्ट डब्यात टाकला असता तर काय बिघडलं असतं माहीत नाही. दुसरं म्हणजे ती बदकाच्या चोचीसारखी पांढरी रबरी वॉल्व्ह, ती सैल झाली की सक्शन जातं आणि वाटतं मशीन बिघडलं. जास्तीची जोडी आधीच मागवून ठेवा, आणि धुताना तिच्या चिरेत बोट किंवा ब्रश घालू नका.

अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी मात्र पंप नकोच. तेव्हा चीक येतो, घट्ट आणि थेंब-थेंब, तो फनेलच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतो. हाताने दाबून सरळ चमच्यात काढायचा. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने शिकवलं तसंच केलं, चमचाभर निघाला तरी ती खूश व्हायची, बाळाचं पोटच तेव्हा एवढंसं असतं म्हणे.

बाटलीवर येते. पंपासोबत आली ती बाटली दूध साठवायला ठीक, पाजायला नाही. तिच्यावर स्लो फ्लो लिहिलंय पण उलटी धरली तर धारच लागते, नवजात बाळाला त्याने ठसका लागतो, दूध नाकातून येतं. मग मी काचेची छोटी घेतली, सगळ्यात कमी फ्लोच्या निपलची, उलटी धरल्यावर टप टप थेंब पडायला हवेत, धार नको. घेताना आयएसआय मार्क बघा, फीडिंग बॉटलला तो कायद्याने लागतो, तरी ऑनलाइन बिनमार्कच्या रंगीबेरंगी बाटल्या सर्रास दिसतात. आणि 1992 च्या कायद्याने आपल्याकडे फीडिंग बॉटलची जाहिरात करायलाच बंदी आहे, त्यामुळे कुठली चांगली हे एकमेकींनाच विचारावं लागतं, म्हणून तर एवढं टाइप करतेय.

पाजायची पद्धत बाटलीपेक्षा महत्त्वाची. आडवं झोपवून बाटली उभी धरायची नाही. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, निपलमध्ये दूध राहील एवढीच तिरकी, आधी निपल ओठाला लावायचं आणि त्याने स्वतः तोंड उघडलं की मग आत. चार-पाच घोट झाले की बाटली खाली करून दम घेऊ द्यायचा. असं पाजलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि लागू द्यावीत, पाच मिनिटांत संपवलेलं अर्धं परत येतं. मध्ये एकदा ढेकर. बोटं फाकवली, कपाळाला आठी पडली म्हणजे जोरात येतंय, तोंड फिरवलं म्हणजे पुरे झालं. उरलेलं "एवढंसंच आहे, पी रे राजा" करत कोंबायचं नाही, हे सासूबाईंना समजावण्यात माझी अर्धी एनर्जी गेली.

आणि बोंडलं! आजीने माळ्यावरून काढलेलं, चांदीचं, चोच असलेलं. डॉक्टरही म्हणाले सुरुवातीला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, उकळायला सोपं, कानाकोपरे कमी, आणि बाटलीच्या निपलची सवय लागत नाही. ओठाला टेकवायचं, बाळ स्वतः जिभेने घेतं, घशात ओतायचं नाही. सांडतं मात्र, मान पुसायला कापड लागतंच. दिवसा बोंडलं, रात्री नवरा पाजायचा तेव्हा बाटली, असं आमचं चाललं, तो झोपेत बोंडलं धरेल यावर माझा विश्वास नव्हता.

साठवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बाहेर चार तास चालतं असं जे लिहिलेलं असतं ते 25 डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी. मे महिन्यात नागपूरच्या घरात 25 डिग्री कुठून आणणार, म्हणून मी काढलं की लगेच फ्रिजमध्ये, दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस चालतं. फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम, पण एकदा वितळवलं की फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर फ्रीझरचा मोठा साठा करण्याच्या फंदात पडू नका. गरम करायला वाटीत कोमट पाणी, त्यात बाटली, बस्स. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही, मधेच एखादा भाग पोळण्याइतका गरम होतो. वर साय जमल्यासारखं दिसतं ते नासलेलं नसतं, बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की मिसळतं. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. आजी हळहळायची, फेकताना मलाही वाईट वाटायचं, पण फेकायचं.

शिळं दूध पाजते म्हणून नाक मुरडणारे भेटतीलच. त्यांना सांगा की मुंबईच्या सायन हॉस्पिटलात 1989 पासून मातृदूध पेढी आहे, आशियातली पहिली, तिथे दुसऱ्या आयांचं दूध पाश्चराइझ करून, गोठवून ठेवून नाजूक बाळांना देतात. माझं तर माझ्याच बाळाला.

धुणं हा खरा वैताग. दुधाला लागलेला प्रत्येक भाग दर वेळी साबणाच्या पाण्याने वेगळ्या भांड्यात, सिंकमध्ये नाही, आणि दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळून. ट्यूब आणि मोटर सोडून. फनेलचे दोन सेट असतील तर जीव वाचतो.

बाळ व्यवस्थित ओढत असेल आणि तुम्ही घरीच असाल तर हा खर्च करू नका, हाताने काढता येतं, नाहीतर साधा हँड पंप पुरतो. ऑफिसला परत जाणार असाल किंवा बाळ आमच्यासारखं झोपाळू असेल तर घ्या. सेकंडहँड घेत असाल तर दूध मोटरकडे जाऊ न देणारा, म्हणजे क्लोज्ड सिस्टिमचाच बघा, फनेल, वॉल्व्ह, ट्यूब सगळं नवं घाला, आणि मोटर चालू करून फनेल तळहातावर लावून ओढ तपासूनच पैसे द्या.