९९०० छापलेला सेल सराफाच्या काट्यावर

सातपूर एमआयडीसीत माझी सेकंड शिफ्ट असते. रात्री सुटलो की सायकलने मखमलाबाद. पुढच्या चाकात हब डायनॅमो आहे, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेलं, चाक फिरलं की वीज बनवणारं यंत्र; उजेड झकास पडतो, पण चाक थांबलं की मिट्ट अंधार. सिग्नलला उभं राहिलं की समोरून वळणाऱ्या रिक्षावाल्याला आपण दिसतच नाही. म्हणून बॅटरी जोडायचं डोक्यात घेतलं.

मेनरोडजवळच्या एका दुकानात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेले दोन लिथियम सेल आणि एक काळी ‘चार्जिंग किट’ डबी मिळाली. साडेआठशे रुपये, बिल नाही. “हबच्या वायरी डबीला जोडा भाऊ, हिरवा दिवा लागला की सेल फुल्ल.”

पहिल्याच रात्री आयटीआय सिग्नलला यायच्या आत हिरवा दिवा! मी खूश. खरं तर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. हब फार तर अर्धा अँपिअर देतो, म्हणजे तासाला ५०० एमएएच. तो सगळाच्या सगळा सेलमध्ये गेला तरी ९९०० भरायला वीस तास पॅडल मारावं लागेल. चौथीतलं गणित, पण स्वस्ताची भूल पडली की कोण करतंय?

आठवड्यात सायकलचा दिवा सेलवर दहा मिनिटांत मावळायला लागला. एका रात्री सेल काढायला गेलो तर हाताला चटका बसला. मेंटेनन्सच्या मित्राने डबी कापली. आत एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), एक रेझिस्टर आणि तो हिरवा एलईडी. चाक फिरलं की तो लागणारच! हबमधून एसी येतो, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज; एका डायोडने तिची अर्धीच लाट मिळते, पूर्ण वापरायला चार डायोडचा ब्रिज लागतो. आणि लिथियम सेल ४.२ व्होल्टला पोचला की चार्जिंग तोडणारं सर्किट हवंच, नाहीतर सेल पेटूही शकतो. ते डबीत नव्हतंच. मित्राने मला फटकारलं ते वेगळंच.

चुलतभाऊ सराफ बाजारात कामाला आहे. त्याच्या काट्यावर सेल ठेवला: २९ ग्रॅम. या मापाचा, म्हणजे १८६५०, चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो आणि क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. ९९०० नावाचा प्रकारच नाही.

सेल घेऊन दुकानात गेलो. त्याने उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, “हा जुना माल भाऊ. शंभर वर द्या, आता १२००० वाला आलाय.”