पोराचा मुतखडा काढला, त्याबद्दल

खानापूरहून सहा वर्षांच्या पोराला बेळगावला नेलं. उजव्या किडनीत १४ मिलिमीटरचा खडा! डॉक्टरांनी एक्स-रेऐवजी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पाठीतून सुई घातली. वाढत्या अंगाला रेडिएशन नको, म्हणाले. पेन्सिलीएवढ्या वाटेनं आत जाऊन लेसरनं खडा फोडला. दुसऱ्या दिवशी लालसर लघवी बघून पोरगं रडायला लागलं. सिस्टरनं कानडीत समजावलं, आमच्या आईनं मराठीत, तेव्हा कुठं गप्प झालं. कामाला पैकीच्या पैकी. बिलाला मात्र दोन तास ताटकळलो, आणि संमतीपत्र फक्त कानडी-इंग्रजीत. सही करायची कशाच्या भरवशावर? शेवटी वॉर्डबॉयनं वाचून सांगितलं. खड्याचे तुकडे तपासायला डबीत दिलेत. पोरगं ती डबी शाळेत न्यायची म्हणून हटून बसलंय.