चकवा हवा की नुसती भोवळ? 'अँटीचेंबर' आणि 'मॅनिफोल्ड गार्डन'

रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच बाभळीखाली येतो, असं जुनी माणसं सांगतात. 'अँटीचेंबर' आणि 'मॅनिफोल्ड गार्डन' हे कोडी सोडवायचे दोन व्हिडिओ गेम. तसा अनुभव विकत घ्यायची तयारी असेल, तर 'अँटीचेंबर' घ्या. भूलभुलैया आवडतो, पण खरोखर हरवलं की चिडचिड होते, अशांनी 'मॅनिफोल्ड गार्डन' घ्यावं. माझं मत एवढंच. पुढे आहेत ती कारणं.

दोन्ही खेळांमागे मोठी कंपनी नाही. 'अँटीचेंबर' (2013) ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर ब्रूसचा. 'मॅनिफोल्ड गार्डन' (2019) विल्यम चिर या कलाकाराचा. तो खेळ करायला त्याने सुरुवात केली 2012 मध्ये, म्हणजे सात वर्षं गेली. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात दोन्हींचा मूळ दर 19.99 डॉलर, आणि सेलमध्ये दोन्ही बरेच उतरतात. तेव्हा पैशांवरून निवड होणार नाही.

'अँटीचेंबर'मध्ये सुरुवातीलाच दोन जिने लागतात. निळा वर जातो, लाल खाली. वर चढा, फिरून दोन्ही जिन्यांसमोर. खाली उतरा, तरी तिथेच. मी सात-आठ वेळा चढउतार केली असेल. उत्तर इतकंच, की पाठ फिरवायची आणि आल्या वाटेने परत जायचं. आता तिथे वेगळीच जागा असते. खेळाडू या खेळावर जीव टाकतात ते अशा क्षणांसाठी. शिव्याही याच स्वभावामुळे पडतात. पुढे एक बंदूक मिळते, तिने छोटे ठोकळे खेचायचे आणि मांडायचे. या बंदुका रंगारंगांच्या, एकेक करत हाती येतात. त्यामुळे एखाद्या दारापाशी अडलात, तर आपलं डोकं कमी पडतंय की बंदूक, हे कळायला मार्ग नाही. अर्धा तास झटायचं आणि मग समजायचं, की हे कोडं आत्ता सुटणारच नव्हतं. ही तक्रार मला पूर्ण पटते. उत्तरार्ध ठोकळ्यांच्या कामातच अडकतो, हीही. दिलासा एकच: एस्केप दाबलं की सुरुवातीच्या काळ्या खोलीत परत, आणि तिथल्या भिंतीवरच्या नकाशातून पाहिलेल्या जागी थेट जाता येतं.

'मॅनिफोल्ड गार्डन' असं फसवत नाही. भिंतीजवळ जा, बटण दाबा, भिंत जमीन होते. दिशा सहा, प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि ज्या रंगाचा ठोकळा त्याच दिशेला 'खाली' मानलं तरच तो उचलता येतो; एरवी हवेत खिळल्यासारखा. हा नियम शेवटपर्यंत पाळला जातो. कड्यावरून उडी मारलीत तर मरत नाही. तीच इमारत खालून पुन्हा पुन्हा येत राहते आणि तुम्ही जिथून पडलात तिथेच वरून उतरता. पहिल्यांदा पडलो तेव्हा कोडं बाजूला ठेवून मी नुसता पडतच राहिलो. मुरलेल्या खेळाडूंना मात्र हा सोपा वाटतो. ठोकळा उचला, बटणावर ठेवा, दार उघडा, हे बरंच होतं. घेणारे बहुधा देखाव्यासाठी घेतात, आणि त्यात काही चूक नाही.

गाडीत मळमळणाऱ्यांनी दोन्हींपासून जपून राहावं. 'मॅनिफोल्ड'मध्ये जग फिरतं तेव्हा, आणि 'अँटीचेंबर'मध्ये पांढऱ्याशुभ्र भिंतींमुळे डोळे शिणतात. सोफ्यावर बसून कन्सोलवर खेळायचं असेल, तर प्रश्नच मिटला: 'अँटीचेंबर' फक्त कॉम्प्युटरवर आहे, 'मॅनिफोल्ड' स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही.

तरीही काय घ्यावं ते ठरत नसेल, तर स्टीमवरून 'अँटीचेंबर'च आधी घ्या. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो. काळ्या खोलीतलं घड्याळ दीड तासाचं आहे. ते शून्यावर आलं तरी काही होत नाही, घाबरू नका. फक्त तेव्हा आपण कुठल्या जिन्यावर आहोत ते बघा. अजून चढावंसं वाटत असलं तर खेळ ठेवा, नाहीतर उरलेल्या अर्ध्या तासात परत करून टाका.