क्रोमचा डीबगर: कॅपिटलाइझ फंक्शन दुरुस्त करायला कितपत कामाचा?

प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करणारं फंक्शन जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि पहिल्या फटक्यात क्वचितच चालतं. त्यासाठी क्रोममधला फुकटचा डीबगर, म्हणजे कोडमधली चूक शोधायचं टूल, उत्तम आहे. एफ12 दाबा, सोर्सेसमध्ये स्निपेट्स (छोटे कोड लिहून चालवायची जागा) उघडा, कोड टाका, कंट्रोल-एंटर. एचटीएमएल फाइलही लागत नाही.

लूपमधल्या ओळीच्या नंबरवर क्लिक केलं की ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवणारी खूण, बसतो. मग एफ10 ने एकेक ओळ पुढे सरका आणि नजर स्कोपवर, म्हणजे त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दाखवणाऱ्या भागावर, ठेवा. स्कोप हेच या टूलचं खरं सोनं. पहिल्या अक्षरावर टूअपरकेस (अक्षर कॅपिटल करणारी मेथड) लावून उत्तर कशातच ठेवलं नसेल, तर ओळ पार पडूनही स्कोपमध्ये शब्द जसाच्या तसा दिसतो. स्ट्रिंग (कोडमधला मजकूर) जागच्या जागी बदलत नाही, टूअपरकेस नवी स्ट्रिंग देतं, हे इथे डोळ्यांना दिसतं. शब्दाच्या शून्याव्या जागी थेट अक्षर भरायला गेलात, तर स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टचे कडक नियम) नसताना एररही येत नाही. तिथेही स्कोपच चूक दाखवतो.

दुसरी हमखास चूक डबल स्पेसची. रोमन लिपीत पुणे, दोन स्पेस, मुंबई असं देऊन एका स्पेसवर स्प्लिट केलं (तोडलं), की तीन तुकडे पडतात आणि मधला रिकामा असतो. त्याचं शून्यावं अक्षर अनडिफाइन्ड, त्यावर टूअपरकेस लावलं की टाइपएरर. एररमध्ये ओळ कळते, पण नेमका कुठला शब्द नडला ते कळत नाही. अशा वेळी ओळीच्या नंबरवर राइट क्लिक करून कंडिशनल ब्रेकपॉइंट (अट खरी ठरली तरच थांबवणारा) लावा, अट द्या: शब्दाची लेंग्थ शून्य. कोड थेट गुन्हेगार शब्दापाशीच थांबतो. उपाय सोपा, चौकटी कंसाऐवजी चारॲट वापरा. ते रिकाम्या शब्दाला रिकामी स्ट्रिंगच देतं. उरलेला शब्द स्लाइस एकने (दुसऱ्या अक्षरापासून पुढचा भाग) जोडा.

बदललेल्या शब्दांची नवी यादी देणाऱ्या मॅपऐवजी काहीच परत न देणारं फोरईच वापरलंय का, शेवटी शब्द पुन्हा जोडणारं जॉइन राहिलंय का, हेही इथेच लगेच कळतं.

खटकणारी गोष्ट कन्सोलची, म्हणजे कोडने छापलेलं दिसतं त्या जागेची: लॉग केलेला (छापलेला) ॲरे, म्हणजे यादी, नंतर उघडला तर उघडतानाची अवस्था दिसते, लॉग करतानाची नाही. नवशिक्याची यात हमखास दिशाभूल होते, म्हणून ॲरे तपासायला ब्रेकपॉइंटच बरा.

आणि चाचणीला देवनागरी नाव देऊ नका. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाहीच. टूअपरकेस काहीच बदलणार नाही आणि बरोबर फंक्शनही चुकीचं वाटेल.